पदव्युत्तर शिक्षण : विषयाची निवड आणि प्रबंधाचा विचार

बी.ए.एम.एस.ची आंतरवासिता संपत आली की विद्यार्थी व त्यांचे पालक आपल्यासारख्या व्यावसायिकांकडे एकच प्रश्न घेऊन येतात : "एम.डी. कोणत्या विषयात करावे?" २०१७ पासून प्रवेश अखिल भारतीय परीक्षेच्या गुणानुक्रमाने होतात. त्यामुळे क्रमांकानुसार जो विषय मिळेल तो स्वीकारण्याकडे कल असतो. वास्तविक आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. तीन वर्षांनंतर हा वैद्य रुग्णासमोर बसणार, अध्यापन करणार, की औषधनिर्मिती पाहणार?

अध्यापन करावयाचे असल्यास त्या विषयातील एम.डी. अथवा एम.एस. आवश्यक ठरते. शस्त्रकर्म करावयाचे असेल तर शल्य व शालाक्य हे विषय निश्चित आहेत. २०२० च्या दुरुस्तीने शल्यतंत्राची ३९ व शालाक्यतंत्राची १९ शस्त्रकर्मे नमूद केली, ती या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच. घरची फार्मसी सांभाळावयाची असेल तर रसशास्त्र-भैषज्यकल्पना किंवा द्रव्यगुण हे विषय कायचिकित्सेहून दुय्यम मानण्याचे कारण नाही. औषध नियमांतील नियम १५७ प्रमाणे निर्मितीवर पात्र, पूर्णवेळ तंत्रज्ञाची देखरेख लागते. बी.ए.एम.एस. पदवीने ती अट पूर्ण होते. परंतु द्रव्याची ओळख, संदिग्ध द्रव्यांचा निर्णय व मानकीकरण यांचे सखोल शिक्षण याच विषयांत मिळते.

आता प्रबंधाविषयी. एम.डी. (वाचस्पती) व एम.एस. (धन्वंतरी) या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत प्रबंध अनिवार्य आहे. २०१६ च्या नियमावलीत पहिल्या वर्षाच्या परीक्षेत संशोधनपद्धती व संख्याशास्त्र यांचा समावेश होता, आणि प्रबंध स्वीकृत झाल्याखेरीज अंतिम परीक्षेस बसता येत नसे. प्रवेश घेताना त्या वर्षी लागू असलेली नियमावली अवश्य वाचावी. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदविकेत प्रबंधापेक्षा प्रत्यक्ष कर्माभ्यासावर भर असतो. तिसरा मार्ग राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाचा. १९८८ मध्ये स्थापन झालेली ही दिल्लीची संस्था पदवीधरांना अनुभवी गुरूंकडे एक वर्ष शिकण्याची संधी देते. तेथील प्रमाणपत्र एम.डी.ला समकक्ष नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. ज्याला केवळ चिकित्सेत हात बसवावयाचा आहे त्याने या दोन मार्गांचा विचार जरूर करावा. ज्याच्या मनात एखादा प्रश्न खरोखर घर करून आहे त्याने प्रबंधाला भिऊ नये.

प्रस्तुत लेखक पदवीधरच आहे. घरच्या जबाबदारीमुळे पुढे शिकता आले नाही. वीस वर्षांच्या व्यवसायात त्यामुळे रुग्ण अडले नाहीत. परंतु एखाद्या कल्पाचा गुण वारंवार दिसूनही तो इतरांना पटेल अशा रीतीने मांडता आला नाही, ही उणीव जाणवते. प्रबंध हीच रीत शिकवितो.

मात्र ती शिकण्यासाठी प्रबंध नीट व्हावा लागतो. माझ्याकडे साहाय्यक असलेल्या एका तरुण वैद्याने पुढे एम.डी.ला चूर्णकल्पावर विषय घेतला. निम्मे रुग्ण झाल्यावर औषध संपले. दुसऱ्या घाण्यासाठी उत्पादकाने एक घटकद्रव्य वेगळ्या व्यापाऱ्याकडून घेतले. रंग व चव बदललेली पाहून त्याने चौकशी केली, तेव्हा पहिल्या घाण्याचा नमुनाही शिल्लक नव्हता. दोन्ही औषधे एकच होती असे त्याला लिहिता येईना. अखेर त्याने ही मर्यादा प्रबंधात प्रामाणिकपणे नोंदविली. पदवी मिळाली, परंतु निष्कर्ष उपयोगी पडला नाही.

यातून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विद्यार्थ्याने विषयाचे शीर्षक ठरविण्यापूर्वी मार्गदर्शकांचे काम, रुग्णालयात त्या व्याधीचे वर्षाला येणारे रुग्ण आणि औषधाची उपलब्धता या तीन गोष्टी पाहाव्यात. चिकित्सात्मक अभ्यास असल्यास नैतिकता समितीची मान्यता व सी.टी.आर.आय.मधील नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी व्हावी. फार्मसीचालकांनी अशा अभ्यासासाठी शक्यतो एकाच घाण्याचे सर्व औषध राखून ठेवावे. बॅच क्रमांक, घटकद्रव्यांची ओळख व तपासणीचा अहवाल लेखी द्यावा आणि नमुना जपावा.

१९३३ मध्ये स्थापन झालेल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयापासून पुण्यात आयुर्वेद शिक्षणाची मोठी परंपरा आहे. महाविद्यालय, रुग्णालय, फार्मसी व व्यावसायिक एका शहरात असणे ही दुर्मिळ सोय आहे. सल्ला विचारावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण केवळ विषयाचे नाव सांगू नये. एक आठवडा आपल्या चिकित्सालयात व एक आठवडा निर्माणशाळेत बसू द्यावे. आपल्याला काय आवडते याचे उत्तर त्याला तेथेच सापडण्याचा संभव अधिक आहे.