भोपाळची घरपट्टी का वाढते, आणि जाते कोठे?

मार्च महिना उजाडला की भोपाळ महापालिकेच्या प्रभाग कार्यालयांपुढे रांगा लागतात. थकबाकीवर अधिभार लागेल ही भीती असतेच. पण खरी घाई वेगळ्याच कारणाने असते. मध्य प्रदेशात स्वतःच्या राहत्या घराला संपत्तिकरात निम्मी सूट आहे, आणि ती त्याच आर्थिक वर्षात कर भरणाऱ्यालाच मिळते. 31 मार्च उलटला की सूट जाते आणि तेच घर दुप्पट कराचे धनी होते. गोव्यात ज्याला आपण घरपट्टी म्हणतो, त्याचेच तेथील नाव संपत्तिकर.

कराचे गणित तसे अवघड नाही. घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे आले असते, हा अंदाज म्हणजे वार्षिक भाडेमूल्य. बांधकामाचे क्षेत्रफळ आणि त्या भागासाठी ठरलेला प्रति चौरस फूट दर यांच्या गुणाकारातून तो निघतो. 1956 च्या मध्य प्रदेश महापालिका अधिनियमानुसार या मूल्याच्या 6 ते 10 टक्के कर आकारता येतो. समजण्यापुरते उदाहरण घेऊ. 1,000 चौरस फुटांचे घर, दर 20 रुपये, म्हणजे भाडेमूल्य 20,000 रुपये. 8 टक्क्यांनी कर झाला 1,600 रुपये. मालक स्वतः राहत असेल तर 800. याशिवाय सफाई, दिवाबत्ती आदींसाठीचा ‘समेकित कर’ आणि शिक्षण उपकर, नगरविकास उपकर हे याच बिलात येतात. पाणीपट्टीचा हिशेब निराळा.

मग वाढ कोठून येते? महापालिकेने टक्केवारीला हात लावला नाही, तरी प्रति चौरस फूट दर वाढला की बिल वाढते. हा दर पूर्वी बव्हंशी महापालिकेच्या मर्जीवर होता आणि निवडणुका डोळ्यांपुढे ठेवून वर्षानुवर्षे जागचा हलत नसे. 2020 मध्ये ते चित्र पालटले. कोविडकाळात राज्यांचा महसूल आटला, तेव्हा केंद्राने जादा कर्ज उभारण्याची मुभा दिली. तिचा काही भाग मात्र अटींना बांधलेला होता. शहरांतील संपत्तिकराचा किमान दर जमिनीच्या सरकारी दराशी जोडावा आणि पाणी-मलनिस्सारणाचे शुल्क खर्चाच्या मानाने ठरवावे, ही त्यांतली एक अट. मध्य प्रदेशाने ती आंध्र प्रदेशाबरोबर सर्वांआधी पूर्ण केली आणि 2,373 कोटी रुपयांचे जादा कर्ज घेण्याची परवानगी मिळवली. जिल्हाधिकाऱ्यांच्या ‘गाइडलाइन’चा संबंध तोवर घर विकणाऱ्या-घेणाऱ्याशीच येत असे. आता ती वाढली की घर न विकणाऱ्याच्या करावरही तिची छाया पडते.

ही गोष्ट दूरच्या भोपाळची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. हीच अट पूर्ण करणारे सहावे राज्य गोवा होते; 2021 च्या आरंभी गोव्याला त्यापोटी 223 कोटींच्या जादा कर्जाची मुभा मिळाली. पुढे पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांच्या अनुदानासाठी किमान दराची अधिसूचना काढणे आणि करवसुलीत राज्याच्या उत्पन्नवाढीइतकी तरी वाढ दाखवणे बंधनकारक केले. म्हणजे वाढीचा ठराव महापालिकेच्या सभागृहात होतो, पण रेटा बाहेरचा असतो. भोपाळच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात संपत्तिकर 10 टक्क्यांनी आणि पाणी व मलनिस्सारणाचे शुल्क 15 टक्क्यांनी वाढले, त्याची पार्श्वभूमी ही.

आता खर्चाकडे. संपत्तिकराचा रुपया विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला नसतो; तो महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत मिसळतो आणि वेतन, वीज, डिझेल, कर्जाचे हप्ते यांत विरघळतो. दारापुढचा रस्ता खड्ड्यांचा राहिला की नागरिक विचारतो, माझ्या पैशांचे काय झाले? त्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर नळात आहे.

भोपाळ तळ्यांचे शहर खरे, पण राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा बडा तलाव वाढत्या वस्तीला केव्हाच अपुरा पडला. कोलार धरण आले, तेही पुरेना. अखेर सीहोर जिल्ह्यातील शाहगंज परिसरातून नर्मदेचे पाणी आणावे लागले. जवळच्या नर्मदापुरम येथे, म्हणजे जुन्या होशंगाबादेत, नर्मदेची धोक्याची पातळी 967 फूट, सुमारे 295 मीटर आहे. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर. याचा अर्थ नदीचे पाणी 60 किलोमीटरहून अधिक अंतर पार करीत सुमारे 200 मीटर वर चढवायचे, आणि ते रोज. पंप थांबला की शहर तहानेले. विजेचा दर वाढला की हा खर्च वाढतो, आणि तो टाळण्याची सोय नाही.

कचऱ्याची कथा याच वळणाची. शहराच्या वाढीने वेढलेली भानपूरची कचराभूमी 2018 च्या सुमारास बंद झाली आणि कचरा आदमपूर छावणीकडे जाऊ लागला. भानपूरच्या रहिवाशांना न्याय मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु गाड्यांची फेरी लांबली. जुलै 2025 मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांवरील शहरांत भोपाळ दुसरे आले. अशा क्रमांकाला रोजची झाडलोट आणि घरोघरची गाडी लागते, आणि ती फुकट चालत नाही.

त्यात जुनी देणी. महापालिकेने 2018 मध्ये रोख्यांतून 175 कोटी रुपये उभारले, त्यावर व्याज 9.55 टक्के.

उत्पन्नाची दुसरी बाजू लंगडी आहे. मध्य प्रदेशात जकात 1976 मध्येच रद्द झाली. तिच्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देते, पण पालिकांच्या थकलेल्या वीजबिलांची रक्कम त्यातूनच वळती होते. राज्यघटनेच्या 285 व्या कलमाने केंद्राच्या मालमत्ता करमुक्त आहेत. त्यांच्याकडून सेवाशुल्क तेवढे मिळते, आणि राजधानीच्या शहरात अशा मालमत्ता काही थोड्या नाहीत. उरतो तो घरमालक.

त्याच्याही दोन जाती पडतात. राष्ट्रीय लोकअदालतीत 50,000 रुपयांपर्यंतच्या संपत्तिकर-थकबाकीवरील अधिभार पूर्ण माफ होतो, लाखापर्यंत निम्मा, त्यापुढे पाव. थकलेला पैसा तिजोरीत आणण्याचा तो व्यवहार्य मार्ग आहे, हे मान्य. मात्र वर्षातून अनेकदा भरणाऱ्या या अदालतींची वाट पाहणारा थकबाकीदार आणि मार्चच्या उन्हात रांगेत उभा असलेला निवृत्त शिक्षक, यांत शहाणा कोण ठरतो, हे महापालिकेने स्वतःलाच विचारून पाहावे. दरवाढीचा ठराव दोघांना सारखाच लागू होतो. वरच्या उदाहरणातले 800 रुपये तिने 880 होतात, आणि रांगेतला माणूस ते वेळेवर भरतो.