शिकागोचे एक हायस्कूल व तेथील शिक्षक

शिकागो म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित घरांत १८९३ सालची सर्वधर्मपरिषद व स्वामी विवेकानंद यांचेच स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. त्याच नगरीच्या दक्षिण भागात ब्रॉन्झव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील एका हायस्कुलाची हकीकत मात्र आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानी आली असेल. शाळेची इमारत १९३५ साली उघडली व पुढील वर्षी तिला ड्यूसाबल हे नाव मिळाले. ड्यूसाबल हा अठराव्या शतकातील एक कृष्णवर्णीय व्यापारी. शिकागोच्या जागी बाहेरून येऊन प्रथम कायमचे बिऱ्हाड केले ते त्याने. ज्या विषयांस आपल्याकडील पालक 'जादा विषय' म्हणून नाक मुरडतात, त्या संगीत, चित्रकला व समाजशास्त्र यांच्या शिक्षकांनी ही शाळा नावारूपास आणली.

दक्षिणेकडील संस्थानांतील जाच सोडून कृष्णवर्णीय कुटुंबे हजारोंनी शिकागोस येत होती. परंतु घरांच्या खरेदीखतांतच 'कृष्णवर्णीयास विकू नये' अशी अट असे. अशा अटी कोर्टामार्फत बजावता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तोवर सारी वस्ती थोड्याशा गल्ल्यांत कोंडलेली होती. म्हणून डॉक्टरचा मुलगा व कत्तलखान्यातील मजुराचा मुलगा एकाच बाकावर बसत. अन्यायातून निघालेले हे एक चांगले फळ म्हणावे लागेल, पण त्याचे श्रेय अन्यायास देण्याचे कारण नाही.

संगीतशिक्षक वॉल्टर डायेट यांस सारी शाळा 'कॅप्टन' म्हणे. लष्करी वाद्यवृंदाचे ते नायक होते, तेथून ही पदवी त्यांस चिकटली. १९३१ पासून सुमारे तीस वर्षे त्यांनी, प्रथम जुन्या शाळेत व मग येथे, मुलांस वाद्ये शिकवली. शिस्त अशी कडक की, पन्नास वाद्यांच्या कल्लोळात एकाचा स्वर चुकला तरी कॅप्टनसाहेबांची नजर नेमकी त्याच मुलाकडे वळे. वाद्ये विकत घेण्यास पैसा लागे, तो उभारण्यासाठी मुलांकडून दरसाल 'हाय-जिंक्स' नावाचा गाण्यानाचण्याचा जलसा बसवून घेत व तिकिटे लावीत. त्यांच्या हाताखालून नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन ॲमन्स, जॉनी ग्रिफिन असे जगप्रसिद्ध गायक-वादक निघाले. जॅझ हे संगीत आमच्या कानास रुचतेच असे नाही, पण तो प्रश्न येथे गौण आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो, तेव्हा परिव्राजिका निवाड्याची जी कसोटी सांगते ती अशी की, कोणाची विद्या स्वतःच्या ठायी शोभते, कोणास ती दुसऱ्यात उतरवण्याची हातोटी असते. ज्याच्यापाशी दोन्ही असतील तो अग्रगण्य. डायेट स्वतः व्हायोलिनवादक होते. या कसोटीस ते पुरेपूर उतरतात, असे आमचे मत आहे.

आता समाजशास्त्राकडे वळू. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांची सांगड घालून 'सोशल स्टडीज' हा विषय अमेरिकेत रूढ झाला तो मुख्यतः १९१६ सालच्या एका शिक्षणसमितीच्या अहवालाने. शेवटच्या वर्गात 'लोकशाहीचे प्रश्न' हा अभ्यासक्रम असावा, अशीही त्या समितीची सूचना होती. सूचना सुरेख, परंतु लोकशाहीचे प्रश्न खरोखरच वर्गात काढले म्हणजे काय होते, ते हॅरॉल्ड रग या प्राध्यापकांस विचारावे. त्यांची या विषयावरील पाठ्यपुस्तके १९३० नंतर देशभर लाखांनी खपली. आणि १९४० च्या सुमारास ती देशविरोधी आहेत असा गिल्ला होऊन ठिकठिकाणच्या शाळांनी बाहेर काढली.

ड्यूसाबलमधील मुलांचा प्रश्न याहून साधा होता. क्रमिक पुस्तकांत त्यांचे पूर्वज बहुधा नसतच, आणि असले तर मालकाच्या छत्राखाली सुखाने नांदणारे गुलाम म्हणून. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकनांस जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला होता. त्या मुक्तीची थोरवी पुण्यास कळली होती, पण ज्यांची मुक्ती झाली त्यांच्या नातवंडांस ती शाळेत धड सांगितली जात नव्हती! ही उणीव भरून काढण्यासाठी मॅडलिन मॉर्गन या शिकागोच्याच प्राथमिक शिक्षिकेने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे पूरक पाठ तयार केले, व १९४२ साली शहराच्या शिक्षणखात्याने ते स्वीकारले.

हायस्कुलात हे काम चित्रकलेच्या तासाला होई. मार्गारेट बरोज या १९४६ पासून दोन दशकांहून अधिक काळ तेथे चित्रकला शिकवीत. ज्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या वास्तूत सर्वधर्मपरिषद भरली होती, त्याच संस्थेच्या कलाशाळेच्या त्या पदवीधर. लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रे हे त्यांचे आवडते माध्यम. अशा ठशाच्या प्रती पुष्कळ निघतात, स्वस्त पडतात व गरिबाच्या भिंतीवरही लागतात. गुलामांस पळवून सोडवणारी हॅरिएट टबमन, मुक्तीसाठी व्याख्याने देत हिंडणारी सोजर्नर ट्रूथ या त्यांच्या चित्रांच्या नायिका. त्यांच्या कथा बाई वर्गातही सांगत. अभ्यासक्रमात हे नव्हते.

१९५२ साली बाईंस शिक्षणमंडळाच्या कचेरीत बोलावणे आले. त्यांच्या चित्रकलेविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. पॉल रॉब्सन या गायकाविषयी, ज्याच्या राजकीय मतांमुळे सरकारने त्याचा परवाना काढून घेऊन परदेशगमन बंद केले होते, तुमचे मत काय, असे प्रश्न झाले. त्याच वर्षी, सरकारने घातक ठरवलेल्या संस्थांच्या सभासदांस शिक्षकाच्या नोकरीतून दूर करणारा न्यूयॉर्क संस्थानचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला होता. तो निर्णय फिरण्यास १९६७ साल उजाडावे लागले. शिक्षकाने वर्गात काय शिकवले, हे विचारण्याचा मंडळास अधिकार आहे, असे आम्ही मानतो. तो कोणाच्या गाण्याचा चाहता आहे, हे विचारण्याचा नाही. बाईंनी वर्षाची रजा मागितली, मेक्सिकोत जाऊन तेथील नामांकित ठसेकारांच्या कार्यशाळेत काम केले आणि परतून पुन्हा त्याच वर्गात उभ्या राहिल्या. यास कोणी पळ काढणे म्हणेल. परंतु वाद घालून नोकरी गमावली असती, तर त्या तासाला दुसरे कोणी फुलदाणीचे चित्र काढून घेत बसले असते.

त्याच दशकात टिम्युएल ब्लॅक येथे इतिहास शिकवण्यास आले. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी. युद्धात फौजेबरोबर युरोपात गेले असता १९४५ साली बुखेनवाल्डची छळछावणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि पुढील आयुष्य सामाजिक न्यायाच्या कार्यास वाहण्याचे ठरवले. १९६३ साली वॉशिंग्टनवर जो प्रचंड मोर्चा गेला, त्यात शिकागोच्या तुकडीची जुळवाजुळव त्यांनी केली. म्हातारपणी त्यांनी वस्तीतील वृद्धांच्या आठवणी टिपून ग्रंथरूपाने छापल्या. क्रमिक पुस्तकात जे नव्हते ते असे कागदावर आले. २०२१ साली, १०२ व्या वर्षी, ते वारले.

बरोजबाईंनी १९६१ साली आपल्या राहत्या घरातच कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्रहालय थाटले. तेही पुढे ड्यूसाबलच्याच नावाने ओळखले जाऊ लागले व १९७३ साली वॉशिंग्टन पार्कमधील प्रशस्त इमारतीत गेले. कॅप्टन डायेट १९६९ साली निवर्तल्यावर त्यांच्या नावे निघालेली शाळा मात्र २०१५ साली बंद पडली. तेव्हा वस्तीतील पालक व कार्यकर्ते उपोषणास बसले. चौतीस दिवस उपोषण चालले, आणि २०१६ साली ती शाळा कलाविषयांचे हायस्कूल म्हणून पुन्हा उघडली.