युरोपातील एकट्याचे बिऱ्हाड

प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो, "तिथे आपले कोण आहे?" हा. नाशिकला मावशी असते, इंदूरला आत्याचे दीर असतात, आणि कोणीच नसले तर देवस्थानची धर्मशाळा असतेच. पाठीवर पिशवी टाकून युरोपात एकट्याने हिंडायला निघालेल्या माणसाला मात्र या प्रश्नाचे उत्तर "कोणी नाही" असेच द्यावे लागते. मग त्याने तेथे सुखाने राहावे तरी कसे? असे हिंडून आल्यावर आम्हांस उमगले ते एवढेच, की तेथील एकट्या प्रवाशाचे सुख पाहुणचारावर नव्हे, तर व्यवस्थेवर उभे आहे. आपल्या माणसाची तेथे कुचंबणा होते ती बहुधा व्यवस्थेकडून पाहुणचाराची अपेक्षा केल्यामुळे.

ही व्यवस्था आली कोठून हे पाहण्यासारखे आहे. रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन शाळामास्तर होते. मुलांना घेऊन रानोमाळ पायी हिंडायचे, हा त्यांचा छंद. १९०९ च्या ऑगस्टात अशाच एका भटकंतीत वादळी पावसाने त्यांना गाठले, आणि ब्र्योल या गावच्या शाळेत त्यांनी आसरा घेतला. एका शेतकऱ्याने अंथरायला पेंढा दिला, प्यायला दूध दिले. पोरे झोपी गेली. मास्तर मात्र जागेच होते. सुटीत गावोगावच्या शाळा रिकाम्या पडलेल्या असतात, त्यांत हिंडणाऱ्या मुलांना रात्रीपुरती जागा का देऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. पुढे १९१२ मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे यूथ हॉस्टेल सुरू झाले. तेथील तीन मजली लाकडी खाटा आजही पाहावयास मिळतात. १९३२ मध्ये अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ ॲम्स्टरडॅमला स्थापन झाला. हिटलरच्या राजवटीत जर्मनीतील हॉस्टेले सरकारी युवक संघटनेच्या हाती गेली आणि १९३६ मध्ये शिरमानांना या संघाचे अध्यक्षपद सोडावे लागले. पण ती कल्पना मात्र टिकली.

या कल्पनेचे मर्म असे, की जागा स्वस्त मिळेल, परंतु कामाचा आपला वाटा आपण उचलायचा. पलंगपोस स्वतः घालायचा, निघताना स्वतः काढून टोपलीत टाकायचा. स्वयंपाकघरात भांडी सर्वांची. ती घासून, पुसून जागेवर ठेवायची. शीतकपाटात ठेवायच्या पिशवीवर आपले नाव आणि निघण्याची तारीख लिहायची. चिठ्ठी नसलेली पिशवी बेवारशी समजली जाते. उरलेले मीठ, तेल, तांदूळ जाणारा माणूस एका फळीवर ठेवून जातो, ते कोणीही घ्यावे. रात्री दहानंतर गलका करायचा नाही. नावात 'यूथ' असले तरी बहुतेक ठिकाणी आता वयाची अट राहिलेली नाही. साठीच्या बाईही खालच्या खाटेवर वाचत बसलेल्या आम्ही पाहिल्या. आमच्या धर्मशाळांत असेच काही नियम असतात. फरक इतकाच, की तेथे ते भिंतीवर न राहता पाळले जातात.

सामानाविषयी थोडक्यात सांगतो. आठ किलोंहून अधिक ओझे नेऊ नये. आम्ही चौदा किलो नेले आणि पहिल्याच आठवड्यात जिने चढताना प्रत्येक जादा सदऱ्याची किंमत मोजली. कपडे तीन जोड पुरतात, धुण्याची यंत्रे गावोगाव आहेत. कपाटाला लावायचे कुलूप आणि कानांत घालायचे बोळे घरूनच न्यावेत. आठ जणांच्या खोलीत एक तरी घोरणारा असतोच.

खाण्यापिण्यात वार पाहून वागावे लागते. आम्ही व्हिएन्नात पोहोचलो शनिवारी रात्री. रविवारी सकाळी पाव आणायला निघालो तो सारी वाण्याची दुकाने बंद! ऑस्ट्रिया आणि जर्मनी या देशांत रविवारी दुकाने बंद ठेवण्याचा कायदाच आहे. अर्ध्या पुडा बिस्किटांवर दुपार काढली, मग कोणीतरी सांगितले, की मोठ्या रेल्वे स्थानकातले दुकान उघडे असते. पाण्याची मात्र चिंता नाही. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी येते. रोमच्या रस्त्यांवर १८७४ पासून बसवलेल्या लोखंडी तोट्या अखंड वाहत असतात. बाटली भरून घ्यावी, विकत घेऊ नये.

रेल्वेचा पासही याच परंपरेतला. १९७२ मध्ये एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एकवीस देशांचा एकच पास निघाला, तो इंटररेल. तो युरोपच्या रहिवाशांसाठी आहे. आपल्यासारख्यांसाठी १९५९ पासून युरेल आहे. पास असला म्हणजे झाले, अशा समजुतीत राहू नये. फ्रान्स, इटली, स्पेन येथील वेगवान गाड्यांत जागा राखण्याचे वेगळे पैसे पडतात. रात्रीच्या गाडीने गेल्यास एका मुक्कामाचे भाडे वाचते. सरहद्दींचा जाचही शेंगेन करारामुळे संपला. करार १९८५ चा, अंमल १९९५ पासून. एकच व्हिसा पुष्कळ देशांना चालतो. मात्र १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि ब्रिटन, आयर्लंड यांचा व्हिसा निराळा. या व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. आपण तो कागद वकिलातीसाठी करतो आणि पिशवीच्या तळाशी टाकतो. तो वरच ठेवावा. आम्हांला त्याचा अर्थ प्रागमध्ये कळला.

प्रागमध्ये आम्हांला ताप भरला. दोन दिवस खाटेवर पडून होतो. खोलीत सात माणसे येत होती, जात होती, कोणी "काय होतंय?" म्हणून विचारले नाही. घरी असतो तर एव्हाना तीन काढे आणि पाच सल्ले झाले असते. त्या दोन दिवसांत युरोपविषयी आम्ही मनात जे जे म्हटले ते येथे लिहिण्याजोगे नाही. परतीचे तिकीट अलीकडचे करावे इथपर्यंत विचार गेला. अखेर भिंत धरत खाली गेलो आणि टेबलाशी बसलेल्या मुलीला सांगितले. तिने पाच मिनिटांत खालची खाट दिली, विम्याचा कागद मागितला, त्यावरच्या क्रमांकाला दूरध्वनी करून डॉक्टरची वेळ ठरवली, आणि जास्तच वाटल्यास ११२ फिरवा, हा क्रमांक साऱ्या युरोपीय संघात चालतो, असे बजावले. "कालच का नाही सांगितलंत?" असे तिने विचारले. एखाद्याच्या एकांतात न विचारता शिरणे तेथे असभ्यपणाचे समजतात. मागितलेली मदत मात्र कर्तव्य मानून करतात. हे आम्हांला कोणी आधी सांगितले असते तर दोन दिवस वाचले असते, म्हणून येथे सांगत आहोत.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा आधी आमच्या शेजारी असलेला कोरियन मुलगा निघून गेला होता. तोंडातून चकार शब्द न काढलेला हा मुलगा. आमच्या उशाशी तांदळाची अर्धी पिशवी होती. तिच्यावरच्या चिठ्ठीवर त्याने आपले नाव खोडले होते आणि त्याखाली आमच्या नव्या खाटेचा क्रमांक लिहिला होता. दुपारी त्याच तांदळाची पेज केली, आणि भांडे घासून जागेवर ठेवले.