अपंगत्वाचे लाभ : कपात दिसते कुठे, लपते कुठे?

सरकारने अपंगांच्या मदतीत कपात केली असे ऐकले की, दरमहा मिळणारी रक्कम कमी झाली असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात रक्कम उघडपणे क्वचितच कमी होते. कपातीच्या वाटा तीन आहेत : पात्रतेची अट कडक करणे, रक्कम वर्षानुवर्षे तशीच ठेवणे आणि काही लोकांना किंवा काही काळाला योजनेबाहेर ठेवणे. आमच्या घरी २०२१ पासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली व्यक्ती आहे. त्यामुळे योजनेची पत्रके वाचताना मी आता रकमेआधी या तीन गोष्टी पाहते.

पहिल्या वाटेचे उदाहरण ब्रिटनचे. तेथे २०२५ साली सरकारने अपंगांच्या भत्त्यासाठी गुणांची अट कडक करायचे ठरवले. आकडा तोच, पण पूर्वी पात्र असलेले अनेक जण त्यामुळे अपात्र ठरले असते. अपंगांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला, सत्ताधारी मजूर पक्षाचेच १२० हून अधिक खासदार विरोधात उभे राहिले, आणि १ जुलै २०२५ रोजी ऐन मतदानाच्या दिवशी सरकारला ती अट मागे घ्यावी लागली. मात्र त्याच कायद्याने आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्यांचा वाढीव भत्ता एप्रिल २०२६ पासून बहुतेक नव्या अर्जदारांसाठी जवळजवळ निम्मा झाला. विरोधाने सगळे वाचत नाही, पण बरेच वाचते.

दुसरी वाट आपल्या भारतातली. केंद्र सरकारचे अपंग निवृत्तिवेतन २०१२ साली दरमहा ३०० रुपये झाले आणि तेथेच थांबले. शिवाय त्यासाठी ८० टक्के अपंगत्व लागते. महागाई वाढत राहिली की न वाढलेली रक्कम ही कपातच असते. महाराष्ट्रात जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबरच अपंगांना दरमहा ६,००० रुपये मिळावेत या मागणीसाठी उपोषण केले. त्याच वर्षी राज्याने संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये केली. मागणी आणि निर्णय यांत अंतर आहे, पण रक्कम जागची हलली हे खरे.

आता आपल्या सिंगापूरकडे वळू. येथे २००२ साली एल्डरशील्ड ही विमा योजना सुरू झाली. गंभीर अपंगत्व आल्यास दरमहा ३०० डॉलर, तेही जास्तीत जास्त ६० महिने. २००७ पासून नव्या सभासदांसाठी ४०० डॉलर आणि ७२ महिने. म्हणजे एकूण २८,८०० डॉलर. ज्यांचा लाभ २०२१ मध्ये सुरू झाला त्यांचा २०२७ मध्ये संपेल. अपंगत्व मात्र महिने मोजत नाही. शिवाय जे आधीपासूनच गंभीर अपंग होते, त्यांना या योजनेत प्रवेशच नव्हता. तिसरी वाट ती हीच.

यावर २०१६ साली पुनर्विचार समिती नेमली गेली. तिने लोकांची मते ऐकली आणि २०१८ मध्ये शिफारशी केल्या. त्यातून १ ऑक्टोबर २०२० रोजी केअरशील्ड लाइफ आली. १९८० किंवा त्यानंतर जन्मलेल्या नागरिकांना आणि स्थायी रहिवाशांना वयाच्या तिसाव्या वर्षापासून ती सक्तीची आहे. आधीचे अपंगत्व असले तरी प्रवेश मिळतो, आणि अपंगत्व राहील तोवर, आयुष्यभरसुद्धा, लाभ मिळतो. २०२० मध्ये रक्कम ६०० डॉलर होती. दरवर्षी २ टक्के वाढून ती २०२५ मध्ये ६६२ झाली. २०२६ ते २०३० या काळात वाढीचा दर ४ टक्के आहे.

तरीही आक्षेपाला जागा आहे. एक, दावा मंजूर झाला की रक्कम तेथेच गोठते. २०२० मध्ये ६०० वर सुरू झालेला लाभ पुढेही ६०० च राहतो. दोन, स्त्रियांचा हप्ता जास्त. २०२० मध्ये तीस वर्षांच्या पुरुषाला वर्षाला २०६ डॉलर, तर स्त्रीला २५३. स्त्रिया जास्त जगतात व जास्त काळ अपंग राहतात, असे सरकारचे म्हणणे. ‘अवेअर’ या स्त्री-संघटनेने यावर जाहीर आक्षेप घेतला. माझेही मत तेच आहे : घरच्या आजाऱ्याची सेवा बहुधा बाईच करते, आणि विम्याचा जादा भारही तिच्यावरच. तीन, १९७९ पर्यंत जन्मलेले आणि आधीच गंभीर अपंग असलेले या योजनेबाहेरच राहिले. त्यांपैकी गरजू नागरिकांसाठी दरमहा २५० डॉलरपर्यंतचा एल्डरफंड आहे, पण स्थायी रहिवाशांना तो मिळत नाही.

आपण काय करावे?

१. अट समजून घ्या. अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, शौच, चालणे-फिरणे आणि पलंगावरून खुर्चीत बसणे या सहांपैकी किमान तीन कामांना दुसऱ्याची मदत लागली पाहिजे. तपासणीच्या दिवशी आपला माणूस संकोचाने ‘मला जमते’ म्हणतो आणि अर्ज अडतो. रोज खरोखर काय मदत लागते ते आठवडाभर वहीत लिहून सोबत न्या.

२. नोकरीच्या पासवर आलेल्यांना आणि भेटीच्या पासवर राहणाऱ्या आई-वडिलांना यातले काहीही लागू नाही. त्यांची तरतूद स्वतंत्रपणे करा. भारतातील अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र वेळीच काढून ठेवा.

३. मत लेखी कळवा. मोर्चा-धरणे हा येथे आपल्यासारख्या परदेशी लोकांचा मार्ग नव्हे. परंतु आपल्या भागातील खासदारांच्या लोकभेटीला जाता येते, आरोग्य मंत्रालयाला आणि वृत्तपत्रांना पत्रे लिहिता येतात. पत्रात तक्रारीपेक्षा आकडे द्या : महिन्याचा खर्च किती, लाभ किती, तफावत किती.

धडधाकट असताना हा विषय दुसऱ्याचा वाटतो. पण अपंगत्व कोणाला विचारून येत नाही. म्हणून ज्यांना आज गरज आहे त्यांच्या वतीने, ज्यांना आज गरज नाही त्यांनीही पत्र लिहावे, ही विनंती.