डीलर चुकला, आता डाव कुणाचा?

घरी पत्ते खेळताना वाटणाऱ्याचा हात चुकला की एकच गलका होतो, 'पुन्हा पिसा!' कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकच्या टेबलवर हे चालत नाही. तिथे प्रत्येक डावाला पैसा लागलेला असतो. त्यामुळे कोण चुकलं तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असतं. वीकेंडला पणजी गाठून मांडवीतल्या कॅसिनोत डोकावायचा बेत असेल, तर हा फंडा समजून घ्याच.

गेम तसा सोपा. २१ च्या जवळ जायचं, वर गेलात की बस्ट. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभाच नसते. १६ पर्यंत पत्ता घ्यायचा, १७ झाले की थांबायचं. (एक्का ११ धरून झालेल्या १७ ला काही टेबलांवर अपवाद असतो.)

सतरावर अठरावा घोळ

मग डीलरने १७ वर चुकून आणखी एक पत्ता ओढला तर? अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीचे कॅसिनो न्यू जर्सी राज्याच्या नियमांवर चालतात. त्यात उत्तर स्पष्ट आहे : तो पत्ता बाद, डीलरचे १७ कायम. पंजी निघाली म्हणून तो बस्ट होत नाही आणि तिर्री निघाली म्हणून त्याचे २० होत नाहीत. पत्त्यांच्या पेटीतून, म्हणजे 'शू'मधून, एखादा पत्ता सुलटा निघाला तर तोही बाजूला जातो.

सगळ्यांना दोन-दोन पत्ते वाटून झाल्यावर एखादा पत्ता चुकून उघडा पडला, तर तोच पुढचा पत्ता धरतात. नको असेल तर नाही म्हणा. पण मग त्या डावात तुम्हाला दुसरा पत्ता मिळणार नाही!

तोंडाने नको, हाताने बोला

टेबलवर बोट टेकवलं की पत्ता हवा, तळहात आडवा फिरवला की बस्स. ही स्टाइल नाही बरं का, हा पुरावा आहे. वरचा कॅमेरा तुमचा हात बघतो. डीलरही वापरलेले पत्ते ठरावीक क्रमाने उचलतो. वाद झालाच तर फ्लोअर सुपरवायझर तेच पत्ते उलट क्रमाने मांडून डाव पुन्हा उभा करतो.

तुमची चूक? तुमच्याच खिशातून

१८ वर पत्ता मागितलात आणि बस्ट झालात, तर माफी नाही. वाटप सुरू झालं की लावलेल्या चिप्सना हात लावायचा नाही. निकाल कळल्यावर हळूच चिप्स वाढवणं हा तर लास वेगासच्या नेवाडा राज्यात सरळ फौजदारी गुन्हा आहे.

त्याच नेवाडात खेळाडूचीही बाजू राखलीय. ५०० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा वाद मिटला नाही, तर कॅसिनोला स्वतःहून सरकारी गेमिंग कंट्रोल बोर्डाला कळवावं लागतं.

बसण्याआधी हे बघा

- ब्लॅकजॅक लागला तर ३:२ मिळणार की ६:५? १०० रुपयांवर १५० आणि १२० एवढा फरक पडतो.
- पैसे कमी आले? पुढचा डाव सुरू होण्याआधी, चिप्स न उचलता, तिथेच बोला.
- नियम टेबलागणिक बदलतात. विचारायला लाजू नका.

आणि एक गोष्ट. कुणीच चुकलं नाही, तरी पारडं कॅसिनोकडेच झुकलेलं असतं. तुम्ही आधी खेळता, बस्ट झालात की चिप्स गेल्या. नंतर डीलरही बस्ट झाला तरी त्या परत येत नाहीत. ही चूक नाही दोस्तांनो, हा नियमच आहे. म्हणून किती पैसे घालवायचे, ते बोटीत चढण्याआधी ठरवा.