एक चष्मा आणि दहा हजार चष्मे

मित्रहो, मला कमी ऐकू येतं हे पहिल्या रांगेतल्यांना एव्हाना कळलंच असेल. समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरांत दाखवणारे चष्मे आता निघाले आहेत. मग ते मार्कंड्यात माझ्या नाकावर का नाहीत? कारण किंमत. आणि किमतीचं मूळ आहे त्या काचेत.

या काचेला वेव्हगाईड म्हणतात. चष्म्याच्या काडीतल्या इवल्या पडद्याचा प्रकाश तिच्यात शिरतो, दोन्ही पृष्ठांवर आपटत पुढे सरकतो आणि डोळ्यासमोर बाहेर पडतो. वाळूजच्या स्टरलाइट कारखान्यातल्या काचतंतूतही प्रकाश असाच कोंडलेला असतो. पण तंतू ओढला की किलोमीटरच्या किलोमीटर निघतो. इथे नगागणिक काच घडवायची.

एका पद्धतीत काचेवर रेघा असतात, तीन-चारशे नॅनोमीटर अंतरावर. केसाच्या जाडीत दोनशेएक बसतील. प्रत्येक काचेवर त्या कोरणं परवडत नाही. म्हणून साचा एकदाच कोरतात आणि त्यावरून रेझिनच्या थरात ठसे उमटवतात. साच्यातली चूक मग प्रत्येक ठशात उतरते. शिवाय काचेची दोन्ही पृष्ठं समांतर नसली, तर दर आपटीला किरणाचा कोन चुकतो आणि अक्षर पुसट होतं.

आता हिशोब करा. समजा, वीस पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत शंभरातले ९५ नग चांगले निघतात. ऐकायला छान! पण शेवटी उरतात ३६. पायरीला ९८ निघाले, तर ६७. वाया गेलेल्यांचा खर्च चांगल्या नगावर चढतो, म्हणजे माझ्यावर.

न्यायशास्त्रात जाती आणि व्यक्ती असा भेद आहे. (जातपात नव्हे हो!) घटत्व एक, घट अनेक. प्रयोगशाळेत एक नमुना जमला, की जाती हाती आली असं वाटतं. मेटा कंपनीनं २०२४ साली ओरायन नावाचा चष्मा दाखवला, सिलिकॉन कार्बाइडच्या भिंगांचा. लोक थक्क झाले. विक्रीला मात्र तो आला नाही. कारखान्याला व्यक्ती घडवाव्या लागतात, त्याही हुबेहूब. आपल्या मार्कंडेश्वराच्या भिंतीवरच्या मूर्ती पाहा, एकीसारखी दुसरी नाही आणि तेच त्यांचं वैभव. चष्म्यात डावी काच उजवीशी जुळली नाही, तर डोकं दुखतं.

बरं, आता प्रश्न विचारा. जरा मोठ्यानं.