थकव्याचे निदान : कोणाला मिळते, कोणाला नाही

आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीची आई पालकसभेला आली की नेहमी भिंतीला टेकून बसत असे. दोन वर्षे मी हे पाहत होतो. एकदा विचारले तेव्हा म्हणाली, "सर, अंगात काहीच राह्यलं नाही. रातभर झोपले तरी सकाळी भारा उचलून आल्यासारखं वाटते." तोवर तिचे चार डॉक्टर झाले होते. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सारे नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी कागद मिटून सांगितले की, बाई, तुम्हाला काही झालेले नाही. घरी नवऱ्यानेही तेच वाक्य ऐकवले, फक्त आवाज चढवून.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, वैद्यकाचा नाही. तरीही या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावा असे वाटते.

दुखणे किंवा थकवा खरा असतो, महिनोन्महिने टिकतो, परंतु नेहमीच्या तपासण्यांत अवयवाचा बिघाड आढळत नाही, अशा विकारांना क्रियात्मक विकार म्हटले जाते. दीर्घकालीन थकव्याचा विकार, सर्वांगदुखीचा फायब्रोमायल्जिया आणि आतड्यांचा आयबीएस ही त्यांतील ठळक नावे. यांचे निश्चित निदान करणारी रक्ताची एखादी चाचणी नाही. १९९४ साली ठरलेल्या निकषांनुसार, थकवा किमान सहा महिने टिकलेला असावा, विश्रांतीने तो फारसा हटत नसावा, आठांपैकी चार लक्षणे सोबत असावीत आणि दुसरे कारण सापडलेले नसावे. म्हणजे निदानाचा बराचसा भार रुग्ण काय सांगतो आणि डॉक्टर काय ऐकतो यावर आहे. जिथे ऐकण्यावर भार असतो तिथे समाजातील उतरंड आत शिरतेच.

१८६९ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जाशक्तीचा ऱ्हास, हे नाव रूढ केले. वाफेचे यंत्र, तारायंत्र, वृत्तपत्रे आणि स्त्रियांचे शिक्षण यांच्या ताणाने सुसंस्कृत माणसाची मज्जाशक्ती संपते, असे त्यांचे म्हणणे. हा बुद्धिजीवींचा आजार ठरला, जवळजवळ प्रतिष्ठेची खूणच. त्याच काळात त्याच देशात कापसाच्या शेतात राबणारी कृष्णवर्णीय स्त्री थकत नव्हती काय? थकत होतीच. तिच्या थकव्याला मात्र नाव नव्हते. मालकाच्या वहीत त्याची नोंद झालीच तर ती आळस म्हणून झाली असेल.

१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात दोनशेहून अधिक कर्मचारी आजारी पडले. त्यांत परिचारिका मोठ्या संख्येने होत्या. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून हा सामूहिक उन्माद असल्याचा निष्कर्ष छापला. रुग्णांना त्यांनी भेटून तपासले नव्हते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक, हा त्यांच्या युक्तिवादातील एक आधार होता! इतिहासाचा विद्यार्थी असा पुरावा मांडेल तर मी त्याला गुण देणार नाही.

पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतील वर्तमानपत्रांनी या आजाराला 'यप्पी फ्लू' असे हिणवले. यप्पी म्हणजे शहरी, उच्चशिक्षित, कमावते तरुण. दवाखान्यांत तसे रुग्ण दिसत होते हे खरे. परंतु दवाखान्यात पोहोचतो कोण, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो शिकागोमध्ये लिओनार्ड जेसन आणि सहकाऱ्यांनी विचारला. दवाखान्यात न बसता त्यांनी शहरातील १८ हजारांहून अधिक प्रौढांशी दूरध्वनीवर बोलून, थकलेल्यांची नंतर वैद्यकीय तपासणी करवली. १९९९ साली निष्कर्ष आले. प्रमाण सुमारे ०.४२ टक्के होते. स्त्रियांत, अल्पसंख्याक वंशगटांत, कमी शिकलेल्यांत आणि खालच्या दर्जाची कामे करणाऱ्यांत ते अधिक होते. आजार सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्याआधी कोणी ते निदान दिलेलेच नव्हते. शंभर वर्षे जो आजार श्रीमंतांचा मानला गेला, तो घरोघरी विचारल्यावर गरिबांच्या उंबऱ्यावर सापडला.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. बारा टक्के स्त्रियांनी दीर्घ थकव्याची तक्रार सांगितली. आपल्याकडे अशक्तपणा म्हटले की लोहाच्या गोळ्या हातात पडतात. परंतु या अभ्यासात थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. आढळला तो कमी शिक्षणाशी, घरावरील कर्जाशी, अलीकडच्या महिन्यांत उपाशी राहावे लागल्याशी, मनावरील ताणाशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराशी. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तरीही गोळीचे पाकीट देऊन उठवताना कोणते प्रश्न राहून जातात, ते यावरून समजते. (रक्तक्षय खरोखरच असेल तर गोळ्या घ्याव्यातच.)

याची दुसरी बाजूही आहे आणि ती विदर्भातील आपल्या समाजाने विसरू नये. सिकलसेलचे प्रमाण आपल्यात लक्षणीय आहे. त्यातही थकवा येतो, हाडे व सांधे ठणकतात, आणि अशा मुलांना 'नाटके करतो' असे म्हटले गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग हेही थकव्यामागे असू शकतात. वजन घटत असेल, ताप येत-जात असेल, शौचातून रक्त पडत असेल, तर 'मनाचे आहे' हे उत्तर कोणीही स्वीकारू नये. आणि सर्व तपासण्या निर्दोष आल्या, तरी त्यांचा अर्थ एवढाच की त्या तपासण्यांना काही दिसले नाही. बाई खोटे बोलते असा त्याचा अर्थ होत नाही.

त्या विद्यार्थिनीला मी सांगितले, आईचा आठवडा वहीत लिहून काढ. किती वाजता उठते, काय करते, केव्हा जेवते, किती झोपते, कोठे दुखते. मुलीने दोन पाने भरली. पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत. ती पाने घेऊन मायलेकी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. नवराही सोबत होता. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा वाचली, सिकलसेल आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. दोन्हींत दोष निघाला नाही. पुढच्या खेपेस त्यांनी बाईला खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून दार लोटून घेतले.